बेन्झीनचे अकरा सेकंद

“अकरा सेकंद,” मी म्हणाले आणि तक्ता टेबलावर पुढे सरकवला.

खरेदी समितीच्या पाचही जणांनी तो हातोहात फिरवून पाहिला. तीन रकाने: अ, ब, क. तीन यंत्रं, तिन्हींवर एकच गणित, प्रत्येकी दहा वेळा. ‘अ’ला एकोणीस सेकंद, ‘ब’ला अकरा, ‘क’ला सव्वीस. खाली मी सरासरी दिली होती, चढउतार दिला होता, खोलीचं तापमानसुद्धा दिलं होतं. मी तेवीस वर्षांची होते, एम.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते, आणि इतका नीटनेटका तक्ता मी तोवर कधी केला नव्हता.

“तापमान कशाला?” संगणक विभागाच्या घोरपडे सरांनी विचारलं.

“यंत्र तापलं की हळू चालतं, सर. म्हणून सगळ्या चाचण्या सकाळीच घेतल्या.”

“ऐका,” आमचे विभागप्रमुख येळावीकर सर म्हणाले. ते घोरपडे सरांकडे मुद्दाम बघत नव्हते.

त्या दोघांचं महिनाभर वाजलं होतं. रसायनशास्त्र विभागासाठी एक वर्कस्टेशन घ्यायचं होतं. समीकरणांवरून रेणूचा आकार, त्याची ऊर्जा, त्याची थरथर काढणारा हा मोठा संगणक. निधी एकाच यंत्रापुरता होता आणि तोही मार्चअखेर परत जाणार होता. घोरपडे सरांचं म्हणणं, आम्ही प्रयोगशाळेला घेतली तसलंच एक यंत्र घ्या, विषय संपला. येळावीकर सरांचं म्हणणं, रसायनशास्त्राचं यंत्र रसायनशास्त्राचं गणित घालूनच निवडायचं. तीन विक्रेत्यांना पत्रं गेली, यंत्रं चार-चार दिवसांसाठी कॉलेजात आली, आणि मोजायचं काम माझ्याकडे, म्हणजे केतकी शिरगुप्पे, प्रकल्प सहायक, हिच्याकडे आलं.

अध्यक्षस्थानी उपप्राचार्य नाईकनवरे मॅडम होत्या. त्या भूगोल शिकवायच्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, “गणित कशाचं घातलं होतं?”

“बेन्झीनचं, मॅडम. त्याचं उत्तर जगाला माहीत आहे. म्हणजे यंत्र चुकलं तर लगेच कळतं.”

“बरं.”

“या मुलीचा आकडा म्हणजे माझा आकडा,” येळावीकर सर म्हणाले. “डोळे झाकून सही करा.”

पाचही सह्या झाल्या. ‘ब’ची ऑर्डर शनिवारी दुपारच्या टपालात जाणार असं ठरलं. तो बुधवार होता. मी जिना दोन-दोन पायऱ्या सोडत उतरले.

‘ब’ शनिवारपर्यंत आमच्याकडेच राहणार होतं. ‘अ’ आणि ‘क’ आधीच परत गेली होती. ‘ब’ दिसायलाही देखणं होतं. एका बाजूला काच, आत निळे दिवे, चित्रांसाठी भलंथोरलं ग्राफिक्स कार्ड. भौतिकशास्त्राची पोरं मधल्या सुट्टीत बघायला यायची.

“मत्स्यालय आहे का काय हे?” जमीरदादा रोज म्हणायचा.

जमीर मुजावर आमच्या विभागात पीएच.डी. करत होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. खरं तर हे यंत्र सगळ्यात आधी त्याच्यासाठीच हवं होतं. निंबोळीतल्या एका रेणूवर त्याचं काम होतं. पंचाण्णव अणूंचा रेणू, वेडावाकडा, एखादं झुडूप उपटून आणल्यासारखा. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं. पुण्यातल्या एका मित्राच्या यंत्रावर त्याने उसन्या वेळात ते गणित केलं होतं आणि उत्तरात एक आकडा उणे आला होता. रेणू सतत थरथरत असतो. त्या थरथरीचे सगळे आकडे अधिक आले तर रेणू आपल्या जागी नीट बसला. एक जरी उणे आला तर तो उतारावर आहे, कलंडणार आहे, म्हणजे तुम्ही काढलेला आकार खरा नाही. जमीरदादाचा आकडा होता उणे बावीस. गणित पुन्हा करायला हवं होतं आणि मित्राचं यंत्र आता मोकळं नव्हतं. नोंदणीची मुदत जुलैअखेर संपत होती, दोनदा वाढवून झालेली. त्याची बायको मिरजेला शाळेत नोकरी करून घर चालवत होती आणि हल्ली विभागात कुणी “काय जमीर, कुठवर आलं?” असं विचारलं की तो “उणे बावीसवर” म्हणून हसायचा. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मला ते हसणं ऐकवेना.

गुरुवारी सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला.

“केतकी, शनिवारपर्यंत हे मत्स्यालय रिकामंच बसणार ना? मग माझा रेणू टाकून बघू का? पहिला टप्पा तरी होईल.”

“टाक की दादा. आता आपलंच आहे ते.”

“तुझं बेन्झीन अकरा सेकंदांत. माझं अकरा तासांत जरी झालं तरी मी सगळ्यांना भडंग चारीन.”

दुपारी दोन वाजता गणित थांबलं. पडद्यावर ओळ होती: डिस्कवर जागा शिल्लक नाही.

“माझंच काहीतरी चुकलं असणार,” तो म्हणाला. त्याला तसंच वाटायची सवय झाली होती. त्याने जरा कमी अचूकतेचं गणित लावलं. साडेचार वाजता तेही थांबलं, तीच ओळ.

असं मोठं गणित करताना संगणकाला अधलेमधले आकडे ठेवायला जागा लागते. आधी ते मेमरीत ठेवतो, तिथे मावले नाहीत की डिस्कवर. ‘ब’ची मेमरी सोळा जीबी होती आणि डिस्क वेगवान पण लहान. हे मला आधीपासून माहीत होतं, तक्त्यात मी ते लिहिलंही होतं. पण बेन्झीनच्या गणिताला यातली जागा नखाएवढीही लागली नव्हती.

मी माझ्या चाचण्यांच्या फायली उघडल्या. कुठल्याही फाइलच्या तळाला लागलेला वेळ छापलेला असतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी वरून वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाच्या आतच ती ओळ होती: रेणूत सममिती सापडली, तिचा उपयोग केला जात आहे.

बेन्झीन म्हणजे सहा कार्बनचं कडं. सहाही कोपरे हुबेहूब सारखे. एका कोपऱ्याचं गणित केलं की बाकीच्यांचं करायची गरज नसते, आणि प्रोग्रामला हे कळतं. त्याने थोडक्याच हिश्श्याचं काम करून उरलेलं आरशात बघितल्यासारखं उतरवून काढलं होतं. मी त्याचा वेळ मोजला होता, चढउतार मोजला होता, खोलीचं तापमान मोजलं होतं. ती ओळ तीस फायलींत तीस वेळा छापलेली होती. तीसही वेळा मी थेट तळाला जाऊन सेकंद उतरवून घेतले होते.

“काय झालं गं?” जमीरदादाने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. त्याने वाचलं. स्टूल ओढून बसला आणि पुन्हा वाचलं.

“आणि इतकं छोटं गणित म्हटल्यावर,” मी म्हणाले, “‘क’च्या सोळा कोअरना, म्हणजे सोळा मजुरांना, वाटून द्यायला काम होतंच कुठे? ते आपापसात वाटणी करण्यातच सव्वीस सेकंद घालवत होते. ‘क’ हळू नव्हतं दादा. त्याला मी काम दिलंच नव्हतं.”

“म्हणजे ‘क’ घ्यायला हवं होतं?”

“माहीत नाही. हेच तर. मला काहीच माहीत नाही. मी काहीच मोजलेलं नाही.”

त्याने स्टूल माझ्याजवळ सरकवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ. समितीत हे कुणाला कळतं? सरांना सांग, जरा तपशिलात दुसरी चाचणी घेतली आणि ‘क’ बरं निघालं. जुन्या तक्त्याला जोडून दे. चूक हा शब्द कशाला काढायचा? तुझी नोकरी वर्षाची. जूनला पुढचं पत्र यायचंय.”

मला तो विचार आवडला, हे कबूल केलं पाहिजे. घरी जाताना बसमध्ये मी त्या दुसऱ्या तक्त्याचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं: ‘पूरक चाचणी’. जेवताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. पहिला तक्ता फायलीत राहणारच होता, आणि त्यावर ‘ब’ सर्वोत्तम असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ‘ब’चा विक्रेता तो मागू शकत होता. तो विचारणार, पहिली चाचणी बरोबर होती का चूक? या प्रश्नाला ‘पूरक’ हे उत्तर होत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी येळावीकर सर खोलीत आले तेव्हा मी दारात उभीच होते. सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

“परवा मी चौघांसमोर काय म्हणालो?” त्यांनी विचारलं.

“सर...”

“काय म्हणालो?”

“या मुलीचा आकडा म्हणजे माझा आकडा.”

“घोरपडे गेले तीन दिवस स्टाफरूममध्ये माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतायत. आज येऊन मांडीवर बसतील.” ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. “बेन्झीन! एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सममिती शिकवतो मी. तुलाच शिकवली असती इथं असतीस तर. कोल्हापूरला काय शिकवतात?”

“शिकवतात, सर. मला पेपरात चौऱ्याऐंशी होते.”

हे मी का बोलले कुणास ठाऊक. 

“दुपारी तीनला मॅडमकडे जायचं. त्यांना तू सांगायचंस. मी येतो, पण मी बोलणार नाही. आणि ते समीकरण-बिमीकरण तिथं काढू नकोस. त्यांना कळेल असं सांग.”

दुपारपर्यंत मी आणि जमीरदादा रेणूंची मॉडेलं करत बसलो. बेन्झीन दोन मिनिटांत झालं. जमीरदादाच्या रेणूला पस्तीस कार्बन लागतात आणि आमच्या संचात काळे गोळे होते अठ्ठावीस. कॅन्टीनच्या मावशींकडे उसळीसाठी भिजवलेले हरभरे होते, मूठभर शिव्या खाऊन त्यातले सात मिळाले. ते टूथपिकवर टोचले. हायड्रोजन सोडूनच दिले. झाडूसारखं काहीतरी तयार झालं.

“माझ्या पाच वर्षांचा पुतळा,” जमीरदादा म्हणाला. “जपून ने.”

मॅडमच्या खोलीत घोरपडे सर आधीच बसलेले होते. येळावीकर सर भिंतीकडेच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी हाताची घडी घातली. मी उभीच राहिले.

“मॅडम, बुधवारी मी दिलेला तक्ता चुकीचा आहे. आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्यावरून यंत्र निवडता येत नाही. ऑर्डर उद्या जाऊ नये असं सांगायला आले आहे.”

घोरपडे सर खुर्चीत पुढे सरकले. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“एक मिनिट डोळे मिटाल का?” मी बेन्झीनचं कडं त्यांच्यापुढे ठेवत विचारलं.

“काय?”

“एकच मिनिट, मॅडम.”

त्यांनी येळावीकर सरांकडे पाहिलं. सर भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. मॅडमनी डोळे मिटले.

“उघडा. मी हे फिरवलं का नाही?”

“नाही... म्हणजे, काय माहीत. होतं तसंच दिसतंय.”

“फिरवलं. पुन्हा करू?” पुन्हा केलं. तिसऱ्यांदा घोरपडे सरांनी आपणहून डोळे मिटले. त्यांनाही सांगता आलं नाही. मग मी हरभऱ्याचा झाडू टेबलावर ठेवला. तो तसूभर जरी हलवला तरी दोघांना लगेच कळत होतं. एकदा तर हलवताना एक हरभरा गळून मॅडमच्या फायलीवर पडला.

“यंत्रालाही असंच होतं,” मी म्हणाले. “बेन्झीन कुठूनही बघा, सारखंच. म्हणून ते एका कोपऱ्याचं काम करतं आणि बाकीचं उतरवून काढतं. या दुसऱ्याला सगळीकडून सोडवावं लागतं. आपल्या विभागाचं काम या दुसऱ्याचं आहे. काल ‘ब’वर ते घातलं. दोनदा. दोन्हीदा बंद पडलं.”

मॅडमनी हरभरा चिमटीत उचलला, बघितला आणि पेपरवेटच्या शेजारी ठेवला.

“म्हणजे बैल सपाटीवर पळवून बघितला आणि जुंपायचा आहे घाटाला.”

“हो, मॅडम.”

“आणि घाट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं.”

“मग सपाटी का निवडलीत?”

“उत्तर माहीत होतं म्हणून. मला वाटलं, ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे त्यावरच मोजावं.”

“परीक्षेत असंच करायचात का तुम्ही? येतो तोच प्रश्न?” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण माझे कान तापले. त्या येळावीकर सरांकडे वळल्या. “सर, हिचं वय बघता मी समजू शकते. हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं.”

“यायला हवं होतं,” सर म्हणाले. न बोलायचं ठरवून आलेला माणूस घडी सोडून उठून उभा राहिला. “तक्ता मी दोनदा वाचला. मला सुंदर वाटला, म्हणून तिसऱ्यांदा वाचला नाही.”

 घोरपडे सर आता काय बोलतात याची मी वाट बघत होते. त्यांनी कडं उचललं, हातात फिरवलं.

“‘क’ची मेमरी किती पट्ट्यांत होती?” त्यांनी विचारलं.

“दोन, सर. बत्तीस-बत्तीसच्या.”

“आणि खोबणी किती?”

“आठ.”

“मग तेही तुम्ही अर्धवटच बघितलंय. सोळा कोअर आणि आकडे आणायला दोनच दरवाजे. सगळे रांगेत उभे राहणार. आठ-आठच्या आठ पट्ट्या लावून बघा. विकणारा कुरकुर करेल. ऐकू नका.” मग येळावीकर सरांकडे बघून म्हणाले, “आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हीच चूक करून ठेवली आहे. तीस यंत्रांवर.”

“हे तुम्ही महिन्याभरात एकदाही बोलला नाहीत,” येळावीकर सर म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कधी?”

मॅडमनी दोघांना हाताने थांबवलं. “मंगळवारी सकाळी अकरा. तोवर पत्र जाणार नाही. मंगळवारनंतर मला काही करता येणार नाही, निधी परत जाईल. तिन्ही यंत्रं, याच झाडूवर. जमेल?”

“जमेल,” मी म्हणाले. कसं जमेल ते मला अजिबात माहीत नव्हतं.

शनिवारी पहिल्या बसने मी आणि जमीरदादा कोल्हापूरला गेलो. ‘अ’ आणि ‘क’ या दोन्हींचे विक्रेते तिथेच, एकाच रस्त्यावर, एकमेकांशी न बोलणारे. ‘अ’वाल्यांनी यंत्र लावून दिलं आणि आपल्या कामाला गेले. ‘क’चे मालक पाटणकर नावाचे साठीचे गृहस्थ होते. त्यांचं यंत्र दुकानाच्या कोपऱ्यात मळकट काळ्या पेटीत उभं होतं, वर कुणीतरी पंचांग ठेवलेलं.

“ताई, हे नापास झालं म्हणून तुम्हीच पत्र पाठवलंत ना?”

“पाठवलं, काका. माझी परीक्षा चुकली होती.”

“असं कोण म्हणतं का हो?” ते जमीरदादाला म्हणाले. “चाळीस वर्षं गिऱ्हाईक बघतोय. गिऱ्हाईक चुकलं असं गिऱ्हाईक कधी म्हणालं नाही.” त्यांनी चहा मागवला.

पट्ट्यांवरून मात्र ते अडले. “दोन मोठ्या असू देत. उद्या वाढवायची झाली तर खोबणी मोकळी राहतात. आठ भरल्या म्हणजे झालं, पुढे वाट बंद.”

“आधी दोनवर बघू, मग आठवर. काय निघेल ते तुमच्यासमोरच निघेल.”

दोन पट्ट्यांवर पहिला टप्पा सात तास आणि काही मिनिटांत झाला. तो निकाल रविवारी सकाळी दुकान उघडल्यावर पाहिला. मग पाटणकर काकांनी स्वतः पेटी उघडली, ओठांत स्क्रू धरून आठ पट्ट्या बसवल्या आणि तेच गणित पुन्हा लावलं. चार तास एकोणपन्नास मिनिटं. मी या वेळी फाइल पहिल्या ओळीपासून वाचली. सममिती: नाही. जमीरदादाला तेवढी ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

“नाहीच असणार,” तो म्हणाला. “तिला विचारून बघ, माझ्या बायकोला. पाच वर्षं सांगतोय, बाई, हे सरळ काही होत नाही.”

रस्त्यापलीकडचं ‘अ’ सोमवारी दुपारीसुद्धा चालूच होतं, अठ्ठेचाळीस तास होऊन गेलेले. ते बिचारं थांबलं नव्हतं, पण मेमरी कमी पडून एकसारखं डिस्कवर लिहीत आणि पुसत बसलं होतं. आम्ही ते तसंच सोडून आलो.

मंगळवारी मी दुसरा तक्ता दिला. पहिल्यापेक्षा खूपच कुरूप होता. ‘ब’च्या रकान्यात वेळच नव्हता, ‘बंद पडले’ एवढंच. ‘अ’च्या रकान्यात ‘अपूर्ण’. खाली मी मागणी लिहिली: ‘क’, मेमरी आठ पट्ट्यांत, दुप्पट करून, अधलेमधले आकडे ठेवायला दोन मोठ्या वेगळ्या डिस्क, ग्राफिक्स कार्ड पडदा दिसण्यापुरतं, आणि वीज गेली तर गणित जपून थांबवता येईल एवढा चांगला यूपीएस. भपक्याचं कार्ड वगळल्यामुळे बाकीचं सगळं बसत होतं.

सह्या झाल्या. कार्यवृत्त लिहिणारे लिपिक माने भाऊ वही सरसावून बसले. मॅडम सांगू लागल्या आणि मी टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिले.

“लिहा. पहिली चाचणी निवडीसाठी अयोग्य ठरली.”

माने भाऊंनी लिहिलं. त्यांचं पेन कुरकुरायचं.

“ती अयोग्य असल्याचे चाचणी घेणाऱ्या कुमारी शिरगुप्पे यांनी स्वतः निदर्शनास आणले.” मॅडम थांबल्या. “सबब त्यांची दुसरी चाचणी समिती ग्राह्य मानत आहे.”

“सबब?” माने भाऊंनी मान वर करून विचारलं. “‘तरीही’ म्हणायचंय का, मॅडम?”

“सबब म्हटलंय मी. तेच लिहा.”

त्याच दुपारी ऑर्डर गेली. यंत्र एप्रिलच्या शेवटी आलं. येळावीकर सर आणि घोरपडे सर दोघांनी मिळून पेटी उघडली आणि डिस्क कुठे बसवायची यावरून तासभर भांडले. जमीरदादाने आपला रेणू लावला. या वेळी पहिला टप्पा नाही, पूर्ण गणित, थरथरीच्या आकड्यांसह. सहा दिवस. त्यात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा जमीरदादा यूपीएसपाशी हात जोडून उभा राहिला. पाचव्या दिवसापासून तो विभागात यायचा, पण त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही.

सातव्या दिवशी सकाळी दहाला मी पडद्यावर बघितलं. गणित पूर्ण झालं होतं. मी त्याला हाक मारली. तो दारापर्यंत आला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला.

“तूच बघ. मला सांग फक्त.”

मी फाइल उघडली. थरथरीचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने छापलेले असतात. उणे असलाच तर तो पहिला येतो.

“सतरा,” मी म्हणाले.

“उणे?”

“नाही दादा. सतरा. नुसता सतरा. पूर्णांक चार.”

 चौकटीवर टेकवलेला त्याचा हात तेवढा दिसत होता. पंचाण्णव अणूंच्या रेणूला दोनशे एकोणऐंशी आकडे असतात. पहिला अधिक म्हणजे पुढचे सगळे अधिकच, हे मला माहीत होतं आणि माझ्यापेक्षा पाच वर्षं आधीपासून त्याला माहीत होतं.

“पुढचा?” त्याने विचारलं.

“तेवीस पूर्णांक एक.”

“वाच की. सगळे वाच.”

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि वाचू लागले. चाळीसच्या आसपास कधीतरी तो आत येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. एकशे साठाव्या आकड्याला येळावीकर सर दारात आले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. मी वाचत राहिले. सर शेवटच्या आकड्यापर्यंत दारातच उभे होते.